दोन फुटी फिशटँकमधलं शेवाळ: आधी दिवा, मग खत

पानांवर शेवाळ चढलं की बरेच जण सगळा टँक उपसतात आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतात. कृपा करून हे टाळा. माशांनी सोडलेला अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजात राहतात. नळाच्या क्लोरिनने ते मरतात, अमोनिया साचतो, माशांचे हाल होतात आणि शेवाळ पुन्हा येतंच. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

पुढची मापं २ × १ × १ फुटी टँकची आहेत. वाळू-दगड वजा जाता त्यात साधारण ४५ लिटर पाणी राहतं.

सुरुवात दिव्यापासून. रोज ६ तास, टायमर लावून. काट्याचा टायमर लाइट गेली की थांबतो आणि वेळ पुढे सरकते, म्हणून आठवड्यातून एकदा तो घड्याळाशी जुळवा. टँक दक्षिणेच्या खिडकीजवळ असेल तर हिवाळ्यात कलतं ऊन थेट काचेवर येतं आणि पाणी हिरवं होतं. मागच्या काचेला काळा कागद लावा.

मग दर आठवड्याला १२ ते १५ लिटर पाणी बदला. नवं पाणी अँटीक्लोरिन घालूनच टाका. वाळूवरची घाण पाइपने ओढून घ्या, कुजकी पानं देठापासून कापा.

आता झाडं. अॅनुबियास आणि जावा फर्न हळू वाढतात, त्यामुळे त्यांच्या पानांवर शेवाळ आधी बसतं. त्यांच्या जोडीला हायग्रोफिला, हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरिया भरपूर लावा. या आपल्याकडच्याच पाणवनस्पती आहेत, भराभर वाढतात आणि पाण्यातला अमोनिया ओढून घेतात.

खत घातलं की शेवाळ वाढेल, ही भीती अनेकांना असते. प्रत्यक्षात उपाशी झाडांची जुनी पानं सडू लागतात आणि शेवाळ नेमकं तिथेच धरतं. शेतीच्या दुकानात मिळणारं १३:०:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ४० ग्रॅम घेऊन ५०० मिलि द्रावण करा. दुसऱ्या बाटलीत ०:५२:३४, म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट, ४ ग्रॅम, तेही ५०० मिलि. दोन्हींतलं ५-५ मिलि आठवड्यातून दोनदा घाला. मासे दाटीने असतील तर एकदाच पुरे. १९:१९:१९ किंवा १२:६१:० मात्र अजिबात नको. त्यांत अमोनियाच्या रूपातला नत्र (नायट्रोजन) असतो, मासे दगावतात.

पानं काय सांगतात ते पाहा. जुन्या पानांना भोकं पडली तर पालाश (पोटॅशियम) कमी. जुनी पानं पूर्ण पिवळी झाली तर नत्र कमी. नवी पानं फिकट पण शिरा हिरव्या, तर लोह कमी. टँकसाठीचं सूक्ष्मद्रव्यांचं द्रव खत बाटलीवरच्या मापाने घाला. क्रिप्टोकोरिन हे झाड लावल्यावर आठवड्यात त्याची पानं विरघळली तर उपटू नका, मुळांतून नवी फुटतात.

प्रत्येक शेवाळाचा इलाज वेगळा. नव्या टँकमधला तपकिरी थर बोटाने पुसला जातो आणि दीड-दोन महिन्यांत बंद होतो. काचेवरचे घट्ट हिरवे ठिपके ब्लेडने खरवडा; दिवा जास्त किंवा स्फुरद (फॉस्फरस) कमी असल्याची ती खूण. निळसर, बुळबुळीत, कुबट वासाची साय हे खरं तर जिवाणू आहेत. ती ओढून काढा, टँक चादरीने झाकून ३ दिवस पूर्ण अंधार ठेवा, एअरपंप चालू ठेवा, मग निम्मं पाणी बदला.

सर्वांत चिवट म्हणजे पानांच्या कडेचे काळे झुपके. जास्त माखलेली पानं कापा. उरलेल्यांसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा, पण आधी लेबल वाचा: आपल्या औषधांच्या दुकानात ते बऱ्याचदा ६ टक्क्यांचं मिळतं. ३ टक्क्यांचं १० मिलि, ६ टक्क्यांचं ५ मिलि, त्याहून जास्त नाही. फिल्टर बंद करून सिरिंजने थेट झुपक्यावर हळू सोडा, १० मिनिटांनी फिल्टर सुरू करा. झुपक्यावर बारीक बुडबुडे उठतात आणि दोन-तीन दिवसांत काळा रंग गुलाबी होतो. म्हणजे ते मेलं. टँकमध्ये मॉस किंवा कोळंबी असेल तर हा उपाय टाळा.

तीन आठवड्यांनी फक्त नवी पानं तपासा. जुनी खराब पानं सुधारत नाहीत. नवी स्वच्छ येत असतील तर दिवा अर्ध्या तासाने वाढवा, पुन्हा दोन आठवडे थांबा. ८ तासांपलीकडे जाऊ नका.