झाडाचे पराग हार्मोनने रोखताय? या चुका टाळा

थंडी पडली की बडोद्याच्या सोसायट्यांत शिंका सुरू होतात आणि सगळ्यांचं बोट कुंपणाच्या कोनोकार्पसकडे जातं. अगदीच उगाच नाही. गुजरातच्या वन विभागाने 2023 मध्ये या झाडाच्या लागवडीला मनाई केली, त्यात परागांचा त्रास हे एक कारण होतंच. मग मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, 'हार्मोन मारू, फुलोराच येणार नाही.'

सगळ्यात महागात पडतं ते शेतावरची पॅक्लोब्युट्राझोलची बाटली आणून बुंध्याशी ओतणं. हे औषध झाडात जिबरेलिन, म्हणजे वाढीचं एक हार्मोन, तयार होऊ देत नाही. जपानच्या सुगी (जपानी सीडर) झाडाला जिबरेलिन दिलं की पराग देणारी नरफुलं वाढतात. म्हणून ते दाबणाऱ्या रसायनांनी नरफुलं कमी करण्याचे प्रयोग तिथे झाले. आंब्यात सगळा कारभार उलटा. जिबरेलिन घटलं की मोहोर येतो, आणि बागायतदार हे औषध आळ्यात देतात ते मोहोरासाठीच! तुमचं झाड सुगीच्या वाटेने जाईल की आंब्याच्या, हे ठाऊक नसताना ओतू नका. शिवाय ते मातीत महिनोन्महिने टिकतं, आणि कुंपणालगत कुणाचा तरी कढीलिंब असतोच.

दुसरी चूक वेळेची. सुगीचे पराग फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उडतात, पण त्यांच्या कळ्या आदल्या जुलैच्या सुमारासच धरू लागतात. कळी चोळल्यावर बोटाला पिवळी पूड लागली, तर त्या हंगामाची फवारणी वाया गेली म्हणून समजा.

इथेफॉन या इथिलीन वायू सोडणाऱ्या औषधाने काकडीत नरफुलं घटतात, म्हणून ते मोठ्या झाडावरही तसंच चालेल असं नाही. ऑलिव्हसारख्या झाडांवर ते ऐन बहरात मारतात, पण फळ धरू नये म्हणून. पराग तोवर उडू लागलेले असतात. कडक उन्हात मारलं तर पानंही गळतात. अल्कधर्मी पाण्यात कालवून ठेवलं तर इथिलीन पंपातच सुटून जातं.

सप्तपर्णीवर तर फवारूच नका. तिचे पराग कीटक वाहतात. उग्र वासाने डोकं उठतं ती तक्रार वेगळी.

लेबलवर ज्या पिकाचं नाव नाही त्यावर औषध मारायचं नाही, हे सोसायटीनेही पाळावं. त्यापेक्षा कुंपण फुलोऱ्याआधी, दिवाळीच्या सुमारास छाटा. आणि त्याही आधी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून त्वचेवरची चाचणी करून घ्या. कधीकधी गुन्हेगार गादीतल्या धुळीतला किडा निघतो.