ओटीटी बंद केल्यावर नवे सिनेमे सापडत नाहीत? या चुका टाळा

ओटीटीची वर्गणी बंद केली की महिनाभरात एक तक्रार हमखास ऐकू येते: पाहण्यासारखं काही सापडतच नाही. इतके दिवस समोर आयतं वाढलं जात होतं, त्यामुळे शोधायची सवय मोडलेली असते. त्यात बहुतेक जण शोधतात तेही चुकीच्या वेळी. रात्री जेवणं आटोपली, रिमोट हातात घेतला आणि मग विचार सुरू केला, की पाऊण तास त्यातच जातो आणि शेवटी दहादा पाहिलेलंच काहीतरी लावलं जातं. शोधण्याचं काम पाहण्यापासून तोडा. आठवड्यातून एकदा, टीव्हीपासून लांब बसून, वही किंवा फोनमधली नोंद उघडून अर्धा तास द्या.

गुणांचा आकडा पाहून भुलणं

आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या संकेतस्थळावर १० पैकी ९.३ दिसले की लगेच सिनेमा यादीत जातो. आधी मतं किती पडली आहेत ते पाहा. नव्या सिनेमाला पहिल्या आठवड्यात काहीशे मतं असली, तर त्यांत चाहते आणि युनिटची मित्रमंडळी किती, हे सांगायला नको. आकड्यावर टिचकी मारली की १ ते १० अशी मतांची विभागणी उघडते, आणि खरी माहिती तिथे असते. १० आणि १ या दोन्ही टोकांना उंच खांब आणि मध्ये खड्डा असेल, तर मतं सिनेमावर न पडता त्यावरून झालेल्या भांडणावर पडली आहेत असं समजा. बहुतांश मतं ७ आणि ८ वर असलेला ७.४चा सिनेमा त्याहून भरवशाचा.

समीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचे टक्के म्हणजे तर गुणच नव्हेत. ९४ टक्के याचा अर्थ एवढाच, की १०० पैकी ९४ समीक्षणं अनुकूल आहेत. सगळ्यांना जेमतेम बरा वाटलेला सिनेमाही तिथे शंभरी गाठू शकतो. मराठी सिनेमांची तिथली समीक्षणं मोजकीच असतात, त्यामुळे आपल्याकडच्या सिनेमासाठी हा आकडा सोडूनच द्यावा.

नाव टाकलं, पण सिनेमा निघालाच नाही

ही मराठी प्रेक्षकाची खास अडचण. ‘देऊळ’चं रोमन स्पेलिंग दोन ‘ओ’ घालून केलेलं आहे आणि ‘कासव’मध्ये ‘के’नंतर दोन ‘ए’ आहेत. अंदाजाने टाइप केलं तर भलतंच काही समोर येतं. अशा वेळी मराठी विकिपीडियावर देवनागरीत नाव शोधा, तिथून भाषा बदलून इंग्रजी पान उघडा आणि स्पेलिंग तिथलंच उचला. तेही जमलं नाही तर दिग्दर्शकाच्या नावाने शिरा आणि त्याच्या कामांच्या यादीतून सिनेमा गाठा. ‘कोर्ट’सारखं नाव असेल तर साल जोडल्याशिवाय शोधूच नका.

सालाचाही घोळ असतो. ‘कोर्ट’ व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला २०१४ मध्ये, पण आपल्या चित्रपटगृहांत आला १७ एप्रिल २०१५ ला. ‘कासव’ हा २०१६ सालासाठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट. राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला एप्रिल २०१७ मध्ये आणि प्रदर्शन झालं ऑक्टोबरमध्ये. राष्ट्रीय पुरस्काराचं साल सेन्सॉर प्रमाणपत्राचं असतं, तिकीटबारीचं नव्हे. म्हणून पुरस्कारांच्या यादीवरून शोधताना एक वर्ष पुढे आणि एक मागे पाहायचंच.

‘पाहायलाच हवेत असे १०’ यांवर विसंबणं

या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. तीन वाचल्या की चौथीत नवं काही नसतं. महोत्सवांच्या कार्यक्रमपत्रिका वाचा. गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय महोत्सवात निवडक भारतीय सिनेमांचा इंडियन पॅनोरमा विभाग असतो, पुण्याच्या पिफ या महोत्सवात मराठी सिनेमांची स्वतंत्र स्पर्धा असते. दोन्हींची निवड दरवर्षी जाहीर होते आणि फुकट वाचता येते. प्रत्येक सिनेमाबद्दल दोन-चार ओळी असतात, त्या ट्रेलरपेक्षा जास्त उपयोगी. ट्रेलर अर्धी गोष्ट फोडतो.

इथे चूक होते ती घाईची. यादीतला सिनेमा दुसऱ्याच दिवशी शोधला जातो, मिळत नाही, आणि माणूस चोरीच्या प्रतीच्या लिंककडे वळतो. महोत्सवात आलेल्या सिनेमाला वितरक मिळायलाच कित्येक महिने लागतात. नाव लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी, मग वर्षाने पुन्हा पाहा.

याहूनही सोपी वाट श्रेयनामावलीतून जाते. एखादा सिनेमा आवडला की लोक त्याच नटाचा पुढचा सिनेमा शोधतात आणि फसतात. लेखक, दिग्दर्शक, छायालेखक, संकलक यांची नावं टिपा. ‘कासव’ मनाला लागला असेल तर सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर या जोडीचे ‘देवराई’ आणि ‘अस्तु’ शोधा. एकात स्किझोफ्रेनिया, दुसऱ्यात स्मृतिभ्रंश. मनाच्या आजाराकडे सांभाळणाऱ्या माणसांच्या बाजूने पाहणं तिन्हींत आहे.

लेटरबॉक्सड या, पाहिलेल्या सिनेमांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर आपल्याशी आवड जुळणारे चार-पाच जण सापडले तर उत्तम, पण रोज तिथे जाऊन भटकू नका. सदस्याच्या पानाच्या पत्त्यापुढे ‘/आरएसएस’ हे रोमन अक्षरांत जोडलं की त्याच्या नव्या नोंदींची यादी, म्हणजे फीड, आरएसएस वाचणाऱ्या ॲपमध्ये आपोआप येते. फीड रिकामं दिसलं तर सदस्यनाव तपासा. पानावर मोठ्या अक्षरांत दिसणारं नाव आणि पत्त्यातलं नाव वेगळं असू शकतं.

यादी फुगवणं

दोनशे नावांची यादी कोणी पाहत नाही. नावासोबत साल, दिग्दर्शक, कोणी सुचवला आणि का, एवढं लिहा. कारण आठवत नसेल तर नाव खोडा. वीसच्या पुढे गेली की एक आत, एक बाहेर.

मालिकांमध्ये आपणच रहस्य फोडून घेणं

मालिकेची माहिती काढताना आयएमडीबीवरची कलाकारांची यादी उघडू नका. प्रत्येक नावापुढे किती भागांत काम केलं ते लिहिलेलं असतं. २४ भागांच्या मालिकेत मुख्य पात्रापुढे ९ दिसलं, की नवव्या भागात काय होणार ते कळलंच. भागवार गुण मात्र जरूर पाहावेत, शीर्षकं झाकून. पहिले दोन ६.८ आणि पाचव्यापासून ८.५ असतील, तर पहिल्या भागावरून निकाल लावू नये. मालिका पूर्ण झाली की अर्ध्यात बंद पडली, तेही आधी बघा.

मिळण्याची जागा

हे शेवटी. कोणता सिनेमा कुठे मिळतो ते सांगणाऱ्या जस्टवॉच या संकेतस्थळावर शोधताना आपण राहतो तोच देश निवडलेला आहे ना ते पाहा. परदेशातल्या मराठी घरांत बहुतेकदा इथेच चुकतं. वर्गणीशिवाय, सुटा भाड्याने घेतलेला सिनेमा सहसा ३० दिवसांत सुरू करायचा आणि सुरू केल्यावर ४८ तासांत संपवायचा असतो. नुसतं ‘चालतोय का’ पाहायला प्ले दाबलं तरी घड्याळ सुरू होतं.

मुंबईच्या प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्यांत वर्गणी भरून सभासद व्हावं लागतं. सेन्सॉर न झालेले सिनेमे त्यांना दाखवता येतात ते सभासदांपुरतेच, म्हणून दारात तिकीट मागून उपयोग नसतो. महोत्सवात उलटी फसगत होते: प्रतिनिधी पास म्हणजे खुर्ची राखीव, असा समज असतो. बऱ्याच ठिकाणी आधी येईल त्याला जागा. गाजलेल्या सिनेमाला अर्धा-पाऊण तास आधी रांगेत लागा, आणि त्याच वेळी शेजारच्या पडद्यावर काय आहे ते पत्रिकेत खूण करून ठेवा.