सुप्याच्या माळावर गाडी घालताना
पुण्याहून सोलापूर रस्त्याने चौफुला, तिथून उजवीकडे वळलं की सुपे. मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं, पण तिथलं छोटं हरीण, चिंकारा, बघायचं तर पहाटेच निघा. आत काय, बाहेरच्या माळावर काय, गाडी जुन्या चाकोरीतूनच चालवा. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, अगदी खड्यांच्या रंगाची. चाक जरा बाजूला गेलं तर कळणारही नाही, आणि मला ते फार लागतं.

भुसभुशीत मुरमावर मी हवा ३२ वरून २६ पीएसआयवर आणते. डांबरी लागण्याआधी पुन्हा भरते. उतार पहिल्या गिअरवर. बाभळीचे काटे आहेत, स्टेपनी तपासा. मेंढरं आली की इंजिन बंद. परवा एक कोकरू बंपरला नाक लावून उभंच राहिलं, दहा मिनिटं थांबले. पाऊस झाला असेल तर जाऊच नका.