एकाच मुलाला गणित शिकवताना

शिकवणीला एकच मूल समोर बसलेले असते, तेव्हा त्याची चूक नेमकी कुठे आणि कशी घडते हे पाहण्याची संधी मिळते. भरलेल्या वर्गात शिक्षकाला उत्तर चूक की बरोबर एवढेच पाहण्यापुरता वेळ असतो. म्हणून चुकीच्या उत्तरावर लगेच फुली न मारता ‘हे कसे केलेस, मला सांग’ असे विचारावे. हाच प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारावा, नाहीतर तो विचारला की आपले काहीतरी चुकले, हे मूल लगेच ओळखू लागते.

समजा, चौथीतील मुलीने ५०३ वजा २६७ याचे उत्तर ३६४ लिहिले. तिला बोलते केले, तर ती सांगेल की शून्यातून सहा जात नाहीत म्हणून सहातून शून्य वजा केले आणि तीनातून सात जात नाहीत म्हणून सातातून तीन. म्हणजे ही धांदल नव्हे. ‘मोठ्यातून लहान वजा करायचे’ हा नियम तिने प्रामाणिकपणे पाळला आहे. अशा वेळी ‘शेजाऱ्याकडून उसना घे’ असे पुन्हा बजावून काही साधत नाही, कारण इथे शेजारीच शून्य आहे. त्यापेक्षा खेळातल्या शंभराच्या पाच नोटा आणि एक रुपयाची तीन नाणी तिच्यापुढे ठेवावीत आणि २६७ रुपये मागावेत. शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा नोटा, त्यांतली एक मोडून दहा नाणी, असे तिने स्वतःच्या हाताने केले की चार शतक, नऊ दशक आणि तेरा एकक समोर दिसतात. मग तीच मांडणी वहीत करून घ्यावी. २३६ हे उत्तर तिचे तिलाच मिळते.

या सगळ्यात पेन्सिल मुलाच्याच हातात राहिली पाहिजे. मूल अडले की आपण पेन्सिल घेऊन उरलेले गणित सोडवून दाखवतो, ही आपल्या शिकवण्यांतली सर्वांत घातक सवय आहे असे मला मनापासून वाटते. गप्प बसणेही शिकावे लागते. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादा सेकंदच थांबतात आणि तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरे अधिक विस्तृत होतात, असे आढळले. गणितात तर याहून जास्त थांबावे.

मोठ्या मुलांना आकडेमोडीपूर्वी अंदाज विचारावा. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, असे लिहिणाऱ्या मुलाला ‘उत्तर अर्ध्याहून मोठे हवे की लहान?’ एवढेच विचारले, तरी अर्ध्यात भर घातल्यावर बेरीज अर्ध्याहून कमी कशी झाली, हे त्याला खटकते आणि छेद समान का करायचे हे ऐकायला तो तयार होतो.

मराठी संख्यानामांकडेही लक्ष असावे. एकोणऐंशी ऐकून ८९ लिहिणारे मूल गणितात कच्चे असेलच असे नाही. त्याला फक्त ‘ऐंशी’ ऐकू आलेले असते.

पुढच्या तासाची सुरुवात मागच्या चुकीच्याच जातीच्या एका उदाहरणाने, काहीही न सुचवता करावी. वरच्या मुलीला ४००२ वजा १७८५ द्यावे आणि दोन शून्यांपाशी ती अडली, तर पुन्हा नोटा आणि नाणी काढावीत.