वराहपालकांनो, प्रतिजैविके वापरताना या चुका टाळा

खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतील वराहपालकांच्या शेडवर मी पशुवैद्यक म्हणून बरीच वर्षे जात आहे. औषधांना दाद न देणारे जंतू आधी डुकरांत आणि मग त्यांची देखभाल करणाऱ्या माणसांत कसे घर करतात, हे डोळ्यांदेखत पाहिल्यामुळे हे लिहीत आहे.

माझ्या मते सर्वांत घातक चूक म्हणजे हगवण दिसताच प्रतिजैविकाची पूड खाद्याच्या बादलीत मुठीने मिसळणे. एका जुलैमध्ये खानापूरजवळच्या शेडवर गेलो, तेव्हा दूध तोडलेल्या पिल्लांना हगवण लागली होती आणि मालक काकुळतीला येऊन म्हणाले, "डॉक्टर, आठ दिस झाले पुडी घालतोय, तरी उतार पडंना." मी बादलीपाशी उभा राहिलो. धडधाकट पिल्ले पुढे घुसून खात होती, आणि ज्यांना औषधाची गरज होती ती तिघे ओल्या कोब्यावर भिंतीला चिकटून कुडकुडत पडली होती. आजारी पिल्लू खातच नाही, त्यामुळे औषध निरोग्याच्या पोटात, तेही अपुऱ्या प्रमाणात जाते. तिथले दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि चिवटपणाची जनुके शेजारच्या जंतूंनाही देतात. कोलिस्टिनसारख्या, माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या प्रतिजैविकाला निकामी करणारे असेच एक जनुक चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडल्याचे 2015 मध्ये जाहीर झाले. भारताने 2019 मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरिता कोलिस्टिनवर बंदी घातली. कपाटात जुनी पुडी उरली असेल तर ती वापरू नये.

त्या दिवशी आम्ही आधी कोबा कोरडा केला, भाताचा पेंढा अंथरला, वर बल्ब टांगला, मीठ-साखरेचे पाणी ठेवले, आणि त्या तिघांनाच वजन करून इंजेक्शन दिले. आजही मी शेडमध्ये शिरल्यावर प्रथम जमिनीवर तळहात टेकतो. ओल लागली, तर आधी पेंढा मागवतो आणि मगच औषधाचे बोलतो. नव्याने या धंद्यात उतरलेल्या तरुणांना हे वेळकाढू वाटते, परंतु ओलीवर आणि थंडीवर पुडी हा उपाय नव्हे.

दुसरी चूक माणसांच्या बाबतीतली आहे. एका शेडवरच्या गड्याचा अंगठा पिल्लांचे सुळे कापताना चिरला. चार दिवसांनी तिथे गळू आले, तेव्हा त्याने जनावरांसाठी आणलेले टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक स्वतःच घेतले आणि दुखणे कमी होताच सोडले. गळू पुन्हा आले, हात कोपरापर्यंत सुजला, आणि दवाखान्यात पू तपासल्यावर नेहमीची औषधे त्या जंतूवर चालत नसल्याचे कळले. आपण डुकरे राखतो हे सांगायला त्याला संकोच वाटला होता आणि कोणी विचारलेही नव्हते. त्यामुळे उपचाराचे मोलाचे दिवस वाया गेले. डुकरांत आढळणारा एमआरएसए हा अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारा जंतू माणसाच्या नाकात आणि त्वचेवर मुक्काम करतो आणि त्याचा डुकरांतला प्रमुख प्रकार बहुधा टेट्रासायक्लिनला दाद देत नाही. नेदरलँड्समध्ये तर जिवंत डुकरांच्या संपर्कातील माणूस रुग्णालयात दाखल होताना त्याची या जंतूसाठी तपासणी करतात. आपल्याकडे हे विचारले जाईलच असे नाही, म्हणून डॉक्टरांसमोर बसताच आपले काम सांगा. यात लाजण्यासारखे काहीही नाही.

सुळे कापताना हातमोजे घाला, चिरलेला हात झाका, शेडचे कपडे आणि गमबूट घरात आणू नका, आणि जेवणापूर्वी कोपरापर्यंत साबणाने हात धुवा.

आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा रोग विषाणूमुळे होतो आणि विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. त्यावर प्रतिजैविक देणे म्हणजे पैसे आणि औषध दोन्ही फुकट घालवणे होय.

दुसऱ्या दिवशी जनावर उठून बसले म्हणून सुई बंद करू नका, आणि शेजाऱ्याच्या उरलेल्या बाटलीने उपचार सुरू करू नका. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर औषध बदलत बसण्यापेक्षा नमुना तपासून कोणते औषध लागू पडेल ते पाहावे.

शेवटच्या इंजेक्शनची तारीख शेडच्या वहीत लिहून ठेवा. औषधानंतर कापण्यापूर्वी किती दिवस थांबावे याची वेगळी मुदत बाटलीवर दिलेली नसेल, तर त्या तारखेपासून किमान 28 दिवस ते जनावर कापायला देता येत नाही, मग गिऱ्हाईक दारात उभे असले तरी.