डिकी रिकामी केली तेव्हा

सर्व्हेच्या कामासाठी 4 महिने वॅगनआरमध्येच राहत होतो. आंबोली घाटात भर पावसात टायर पंक्चर झाला. स्टेपनी डिकीच्या तळाशी, म्हणजे अख्खा संसार रस्त्यावर काढावा लागला. तांदळाची पिशवी चिंब भिजली. फार जीव तुटला.

दुसऱ्याच दिवशी सावंतवाडीत भाजीवाल्यांकडचे 2 जुने क्रेट घेतले. आता डिकीत फक्त तेच; दोन्ही उचलले की स्टेपनी मोकळी. जॅक-पाना ड्रायव्हर सीटखाली. 20 लिटरचा पाण्याचा कॅन पुढच्या सीटमागे, खाली टेकवून, नाहीतर वळणावर कलंडतो. कपडे उशीच्या अभ्र्यात भरले, रात्री तीच उशी. आठवडाभर हात न लागलेलं सामान एसटी पार्सलने घरी धाडलं. तांदूळ मात्र स्टीलच्या घट्ट डब्यातच.