अभियंता शाखेचं वर्ष कसं आखावं: नव्या कार्यवाहासाठी

अभियंत्यांच्या संस्थेच्या पुणे शाखेत नवी कार्यकारिणी आली की तिची पहिली बैठक एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या, आणि वक्ते, विषय, सभागृह यांतलं काहीही बोलण्याआधी दिनदर्शिका उघडून न जमणारे दिवस खोडून टाका. मे महिना मुलांच्या सुट्ट्या, लग्नं आणि गावाकडच्या फेऱ्यांत जातो. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा शहरातले रस्ते वारकऱ्यांचे असतात, आणि ते तसेच असावेत. गणपतीचे दहा दिवस, नवरात्र ते भाऊबीज, आणि मार्च अख्खा. मार्चमध्ये कारखान्यातला माणूस डिस्पॅचमध्ये आणि सरकारी खात्यातला माणूस बिलांमध्ये अडकलेला असतो. उरतो जूनअखेर ते ऑगस्ट, आणि पुढे नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. शाखेचं खरं वर्ष एवढंच. बाकीच्या महिन्यांत एखादी ऑनलाइन चर्चा ठेवा, मोठं काही ठेवू नका.

माझी नोकरी पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या डिझाइन विभागात झाली आणि शाखेचं कार्यवाहपदही मी सांभाळलं. त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. वर्षाचा आराखडा सभासदाच्या आठवड्यावरून करावा, पदाधिकाऱ्यांच्या सोयीवरून नाही. सभासद म्हणजे कोण, हे मनात स्पष्ट असू द्या. माझ्या डोळ्यांसमोर नेहमी भोसरीच्या एखाद्या शेडमधला तिशीतला मेंटेनन्स इंजिनिअर असतो. त्याला नवं काही कळायची दुसरी जागा नाही. मोठ्या कंपनीतल्या माणसाला कंपनीच प्रशिक्षण देते, प्राध्यापकांना परिषदा असतात. याला आपणच आहोत.

आता वार ठरवा. भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हिंजवडीतल्या आयटीवाल्यांना शनिवार-रविवार मोकळा. चाकणहून साडेपाचला सुटलेला माणूस साडेसहाला शिवाजीनगरला पोचेल, असं धरून कार्यक्रम ठेवला तर तो येणार नाही आणि आपण म्हणणार की तरुणांना रस नाही. म्हणून एका महिन्यात शनिवारी संध्याकाळी शहरात आणि दुसऱ्या महिन्यात गुरुवारी सकाळी दहाला चिंचवड-भोसरी भागात, असं आलटून पालटून ठेवा. कार्यक्रम साडेसातपर्यंत संपेल, हे निमंत्रणातच लिहा आणि पाळा. महिला अभियंत्या येत नाहीत, अशी तक्रार अनेक शाखांत ऐकू येते. संपण्याची वेळ पक्की आणि जागा मेट्रो स्थानकाजवळ, एवढं केलं की त्या येतात. तेवीस जूनला महिला अभियंत्यांचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो. त्या दिवशी सत्कारापेक्षा एखादीचं तांत्रिक व्याख्यान ठेवा, आणि पुढे वर्षभर इतर विषयांवरही त्यांना बोलवा.

व्याख्यानाचे विषय बैठकीत बसून सुचवू नका. जूनमध्ये सभासदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच प्रश्न टाका: गेल्या वर्षात कामावर तुम्हाला कशाने सगळ्यात जास्त अडवलं? उत्तरं अशी येतात: नव्या पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येतो, सहा महिन्यांत इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरणारं चाक, खाल्ला जातो, बेअरिंग पुन्हा पुन्हा जातं, पावसाळ्यात पॅनेलमध्ये ओल धरते. ‘इंडस्ट्रीतील नवे प्रवाह’ हा विषय कुणीही मागत नाही. कॅव्हिटेशनवर तास ठेवा आणि खराब झालेला इम्पेलर टेबलावर ठेवा. सक्शनच्या, म्हणजे पाणी ओढून घेणाऱ्या, बाजूला दाब कमी पडला की पाण्यात बाष्पाचे बुडबुडे होतात, पुढे जास्त दाबात ते फुटतात आणि धातू कोरला जातो, हे सगळ्यांनी पुस्तकात वाचलेलं असतं. पण त्या खड्ड्यांवरून बोट फिरवल्यावर सक्शन पाइप का आखडू नये, हे कायमचं लक्षात राहतं.

वक्ता निवडताना हुद्दा पाहू नका. ज्याने ते काम स्वतःच्या हाताने केलंय, त्याला बोलवा, मग तो सुपरवायझर का असेना. त्याला मंचावर बोलायची सवय नसेल तर आधी घरी जाऊन किंवा फोनवर अर्धा तास बसा आणि त्याच्याकडून क्रम काढून घ्या. आपल्याकडची मराठी-इंग्रजी सरमिसळ चालते, हे त्याला आवर्जून सांगा. त्याची निम्मी भीती तिथेच जाते. चाळीस मिनिटं व्याख्यान, वीस मिनिटं प्रश्न. स्वतःच्या कंपनीची ओळख दोन स्लाइडमध्ये. स्लाइड आदल्या दिवशी मागवून सभागृहाच्याच लॅपटॉपवर चालवून पाहा. प्रास्ताविक, परिचय, सत्कार, आभार हे सगळं मिळून दहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. दीपप्रज्वलन वर्षातून एकदा, वार्षिक कार्यक्रमाला. पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक द्या. प्रश्नांच्या वेळी पहिला प्रश्न तिशीच्या आतल्या सभासदाचा, असा नियम सूत्रसंचालकाला घालून द्या. ज्येष्ठांनी आधी बोलायला सुरुवात केली की लहानांचे हात वर येत नाहीत. आणि चहा शेवटी ठेवा, निदान अर्धा तास. सभागृह आठपर्यंत घेतलेलं असू द्या म्हणजे रखवालदार दिवे घालवायला येत नाही. नोकऱ्या, सुटे भाग, चांगला बॅलन्सिंगवाला कुठे मिळेल, ही देवाणघेवाण त्या अर्ध्या तासात होते.

पण वर्षातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे साइट व्हिजिट. व्याख्यानं कमी झाली तरी चालतील, वर्षात तीन भेटी व्हायलाच हव्यात. पुण्याच्या आसपास जे आहे ते फार थोड्या शहरांच्या वाट्याला येतं. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण घ्या. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश, त्यातल्या चौदा मध्यभागी एकत्र आणि सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर पसरलेल्या. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून त्या डिश पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांच्या जाळीच्या झाल्या. जाळीतून वारा निघून जातो, म्हणून वाऱ्याचा भार कमी, म्हणून सांगाडा हलका, म्हणून खर्च आवाक्यात. स्थापत्यवाला, यंत्रवाला, इलेक्ट्रॉनिक्सवाला, प्रत्येकाला तिथे आपापलं काहीतरी मिळतं. अठ्ठावीस फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथे सर्वांसाठी प्रदर्शन असतं, पण गर्दी खूप होते. शाखेची भेट वेगळ्या दिवशी पत्र देऊन मागा. रेडिओ लहरींत व्यत्यय येतो म्हणून तिथे मोबाइल बंद ठेवावे लागतात, हे बसमध्ये चढण्याआधीच सांगा.

खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ सालचं. धरणांची, बंदरांची लहान प्रमाणातली मॉडेल तिथे बांधून त्यांत पाणी सोडून अभ्यास होतो. सांडव्याखाली पाणी कसं उसळतं, हे आकृतीत कळत नाही, मॉडेलजवळ उभं राहिल्यावर एका मिनिटात कळतं. तिसरी भेट सभासदांपैकीच कुणाच्या तरी कारखान्यात असू द्या, शक्यतो छोट्या. छोट्या वर्कशॉपचा मालक त्या दिवशी सगळं झाडून-पुसून ठेवतो आणि पुढची कित्येक वर्षं शाखेशी जोडलेला राहतो.

भेटीची तयारी अशी. पत्र दोन महिने आधी, शाखेच्या लेटरहेडवर, येणाऱ्यांची नावं आणि ओळखपत्रांसह. पत्र पाठवून थांबू नका, आठवड्याने फोन करा, शक्य असेल तर स्वतः जाऊन भेटा. एका मार्गदर्शकामागे पंधरापेक्षा जास्त माणसं नेऊ नका. चालू पंपहाउसमध्ये सोळाव्याला काही ऐकू येत नाही. पूर्ण बंद बूट सक्तीचे, चप्पल-सँडल घालून आलेल्याला बसमध्येच थांबवा, तो कितीही ज्येष्ठ असो. हेल्मेट यजमान देणार का, हे विचारून घ्या. फोटोची परवानगी लेखी घ्या. स्त्रियांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे, हे आधी पाहून ठेवा. बसचा खर्च येणाऱ्यांत वाटून घ्या. फुकट ठेवलं की नावं देणारे पुष्कळ आणि सकाळी साडेसहाला थांब्यावर येणारे निम्मे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आदल्या आठवड्यात एक पानी टिपण पाठवा: तिथे काय आहे, कधी बांधलं, कोणते तीन प्रश्न मनात घेऊन यायचे. टिपण वाचून आलेला गट पाहिला की यजमान अभियंता खुलतो आणि नेहमीच्या पाहुण्यांना दाखवत नाही ते दाखवतो.

दोन तारखा पुण्याच्या शाखेने सोडू नयेत. पहिली बारा जुलै. १९६१ साली पानशेतचं मातीचं धरण पूर्ण होण्याआधीच भरलं आणि या दिवशी फुटलं. त्यामागोमाग खडकवासला फुटलं आणि नदीकाठचं पुणं पाण्याखाली गेलं. आदल्या रात्रभर लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचली म्हणून पानशेत दिवस उजाडेपर्यंत तगलं, नाहीतर झोपेत किती माणसं गेली असती याची कल्पना करवत नाही. ज्या घरांनी तो पूर पाहिला, ती घरं अजून शहरात आहेत. या दिवशी धरण सुरक्षेवर व्याख्यान ठेवा. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक केली आहे. ती कशी होते, गळती कशी मोजतात, गेट कसं चालवून पाहतात, हे सांगणारा जलसंपदा विभागातला माणूस बोलवा. आणि सभागृहाचं दार सर्वांसाठी उघडं ठेवा. शेजारच्या सोसायटीतले आजोबा येतील आणि त्यांच्या आठवणीतून अभियंत्यांना बरंच शिकायला मिळेल.

दुसरी पंधरा सप्टेंबर, सर विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस आणि म्हणून अभियंता दिन. ते पुण्यातच शिकले, आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेच्या पूर्वीच्या रूपात, आणि त्यांची स्वयंचलित दारं १९०३ मध्ये पहिल्यांदा बसली ती खडकवासल्याला. धरणाची उंची न वाढवता जास्त पाणी साठवायचं आणि पूर आला की दारं आपोआप उघडायची, अशी ती रचना होती. तसबिरीला हार घालून संपवण्यासारखा हा दिवस नाही. मात्र तारखेची पंचाईत असते: २०२४ मध्ये हा दिवस गणेशोत्सवात आला, २०२६ मध्ये चौदाला गणेश चतुर्थी आहे, म्हणजे पंधराला दीड दिवसाचे गणपती विसर्जनाला निघालेले असतील. अशा वर्षी कार्यक्रम सरळ नोव्हेंबरच्या उत्तरार्धात ढकला आणि प्रत्यक्ष दिवशी दोन-दोन सभासदांनी जवळच्या महापालिका शाळेत जाऊन एक तास घ्यावा. सायकलची चेन, पाण्याची टाकी, लिफ्ट, काहीही चालेल.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक गोष्ट. बहुतेक शाखा फेब्रुवारीत प्रकल्प स्पर्धा घेतात, तेव्हा प्रकल्प होऊन गेलेले असतात. आपण जुलै-ऑगस्टमध्ये जा, शेवटच्या वर्षाचे विषय ठरत असतात तेव्हा. सभासदांच्या कारखान्यांतले पाच-सहा खरे प्रश्न एका कागदावर लिहून महाविद्यालयात द्या आणि प्रत्येक प्रश्नामागे एका सभासदाचं नाव लिहा, जो महिन्यातून एकदा मुलांना भेटेल.

चार मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन आणि जागतिक अभियांत्रिकी दिन एकत्र येतात. महिना गर्दीचा असला तरी एखाद्या शॉपफ्लोअरवर तासाभराचं प्रथमोपचाराचं प्रात्यक्षिक जमतं. डिसेंबरच्या चौदाला ऊर्जा संवर्धन दिन असतो, त्याला कॉम्प्रेस्ड एअरच्या गळतीचा विषय घ्या. जवळपास प्रत्येक छोट्या कारखान्याचा त्यात पैसा जातो.

हिशेबाचं थोडक्यात. प्रायोजक एकच ठेवू नका, नाहीतर वक्तेही तोच ठरवतो. प्रत्येक कार्यक्रमाचा हिशेब त्याच आठवड्यात खजिनदाराकडे द्यायचा. शाखा स्वतंत्र न्यास म्हणून नोंदलेली असेल तर नवी कार्यकारिणी आल्यावर बदल अर्ज नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे. तो राहिला की पुढे बँकेत सह्या बदलतानासुद्धा अडतं.

फेब्रुवारीपासून पुढच्या कार्यवाहाची वही लिहायला घ्या. कोणत्या साइटला कुणाच्या नावाने पत्र लिहिलं, परवानगी यायला किती दिवस लागले, कोणत्या सभागृहाचा माइक खरखरतो, कोणत्या विषयाला किती माणसं आली आणि त्यातली नवी किती, कोणत्या वक्त्याला पुन्हा बोलवावं. बसवाल्याचा दर आणि चहावाल्याचा नंबरही त्यात लिहा. ती वही एप्रिलच्या बैठकीत नव्हे, मार्च संपायच्या आत त्याच्या हातात द्या, म्हणजे जुलैच्या भेटीचं पत्र तो वेळेवर टाकू शकेल.